मस्टरवरचं नाव

दादांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, एक ठरलेलं वाक्य होतं. घरी नवा पाहुणा आला, चहापाणी झालं, कोण कुठं नोकरीला अशा चौकशा झाल्या, की सुपारी कातरता कातरता ते म्हणायचे, "आमच्याकडं बायका कामाला जात नाहीत." हे ऐकलं की आजी आतून खाकरायची. त्या खाकरण्याचा अर्थ पाहुण्यांना कळायचा नाही, घरात मात्र सगळ्यांना कळायचा. कारण ज्या खोलीत बसून दादा हे सांगत, ती चाळीतली खोली आजीच्या गिरणीच्या पगारावर घेतलेली होती. शिवाय दादांची सख्खी बहीण, माझी आत्या, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. पण ती लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली, तेव्हा ती 'आमच्याकडं'मध्ये धरायची नाही, असा दादांचा हिशेब.

दादा एकटेच असा हिशेब करत असते तर सोडून दिलं असतं. पण पुढं मास्तरकी करताना सरकारी आकडे वाचनात येत गेले, तसतसं लक्षात आलं की देशाचा हिशेबही बराचसा दादांच्याच चालीनं चाललेला आहे.

आजीपासून सुरुवात करतो. तिचं नेमकं वय कुणालाच ठाऊक नव्हतं. "मानमोडी आली तवा मी परकरात हुते," एवढाच पुरावा. मानमोडी म्हणजे १९१८ सालची ती इन्फ्लुएन्झाची साथ. त्या साथीत आजीचे वडील गेले. माण तालुक्यातलं आमचं गाव. तिथला पाऊस म्हणजे सांगावा धाडून न येणारा पाहुणा. रानात काही पिकत नव्हतं आणि दीर-जावांच्या घरात विधवेला किती दिवस ठेवणार? पणजी मुलीला घेऊन बैलगाडीनं कोरेगावच्या ठेसनावर आली आणि पुण्याला गाडी बदलून मुंबईला पोचली. वाटेत काय खाल्लं ते आजीला पक्कं आठवायचं: बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि गुळाचा खडा. भाडं किती पडलं ते मात्र ती दर वेळी वेगळं सांगायची.

लालबागला गावकीतलं कुणीतरी होतं. त्यांच्या ओळखीनं पणजी गिरणीत लागली, आणि काही वर्षांनी आजीही. कावसजी दावरांनी १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी काढायला घेतली, आणि गिरण्या वाढल्या तशा त्यांत बायकाही आल्या. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागं साधारण एक बाई होती. आज हे पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. गिरणी कामगार म्हटलं की डोळ्यांपुढं उभा राहतो तो लेंगा-सदऱ्यातला, हातात डबा घेतलेला पुरुषच.

बायका बहुतेक रिळाच्या नाहीतर वाइंडिंगच्या खात्यात. साच्यावर, म्हणजे मागावर, पुरुष. बायकांवर नायकीण. कामाला लावताना ती दस्तुरी घ्यायची, सणावाराला खण-नारळ वेगळा. आजीला या नायकिणीबद्दल राग नव्हता. "तिला बी तिच्या वरच्याला द्यावं लागायचं की," म्हणायची. वाइंडिंगचं काम म्हणजे बॉबिनवरचं सूत दुसऱ्या मोठ्या रिळावर घ्यायचं आणि धागा तुटला की गाठ मारून पुन्हा चालू करायचं. ती गाठ आजीच्या बोटांतून शेवटपर्यंत गेली नाही. दसऱ्याला झेंडूची तोरणं करायला बसली की बघत राहावं. तुटलेली दोन टोकं डाव्या हाताच्या चिमटीत धरायची, अंगठा एकदाच फिरवायचा, आणि गाठ बसलेली असायची. उरलेलं टोक ती दातानं तोडायची. आम्ही पोरं म्हणायचो, "पुन्हा दाखव, हळू दाखव." पण हळू केलं की तिला ते जमायचंच नाही. "हळू केलं तर पगार कापत्यात," म्हणून हसायची.

त्या हसण्यामागं काय काय होतं ते तुकड्यातुकड्यांनी कळलं. केसात, भुवयांत कापूस. भोंग्याच्या आधी उठून थापलेल्या भाकऱ्या. तान्ही पोरं शेजारच्या म्हातारीकडं टाकून जायचं, आणि ती रडू नयेत म्हणून अफूची बारीकशी गोळी चाटवायची. हे आजी दबक्या आवाजात सांगायची. त्या काळी ही चाल गिरणगावात घरोघर होती. पगाराच्या दिवशी फाटकाबाहेर काठी घेऊन पठाण सावकार उभे. बायका पदराच्या गाठीत पैसे बांधून एकमेकींच्या आडोशानं बाहेर पडायच्या. एवढं असूनही पगाराचा दिवस आजीच्या बोलण्यात आला की तिचा आवाज बदलायचा. "माज्या हातात पडायचा," ती म्हणायची. आजोबांच्या हातात न्हवं, सासूच्या हातात न्हवं.

दादांचा जन्म १९३०चा. मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या लाभाचा कायदा आला १९२९ साली. देशातला असा हा पहिलाच कायदा. त्याआधी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात या विधेयकावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विसावा मिळणं हे देशाच्याच हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला आठवत होतं ते एवढंच की दादांच्या वेळी घरी बसून रोजाचे आठ आणे मिळाले आणि त्यातून डिंक, खारीक, खोबरं आणलं. म्हणजे आमचे दादा त्या कायद्याच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातलं लेकरू. बायकांच्या कामाबद्दल इतकं कडक मत असलेला हा माणूस आईच्या गिरणीच्या पैशातल्या डिंकाच्या लाडवांवर वाढला होता! मी एकदा हे बोलून दाखवलं, तर त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि विषय बदलला.

आत्याच्या वेळी मात्र आजीला पैसे मिळाले नाहीत. लाभासाठी ठरावीक महिने सलग काम लागायचं. दिवस गेलेत असं दिसलं की बाईला काढायचं, बाळंत झाली की नवी म्हणून घ्यायचं, ही युक्ती तोवर बऱ्याच ठिकाणी रूढ झाली होती. कायदा बाईच्या भल्याचा, पण त्याचा खर्च गिरणीवर. मग गिरणीला बाईच नकोशी व्हायला लागली. रात्रपाळीची बंदी तर १८९१च्या कायद्यापासूनच होती. गिरण्या दोन-तीन पाळ्यांत चालायला लागल्या, वाइंडिंगला जोरात फिरणारी नवी यंत्रं आली, चारचौघींचं काम एकीवर आलं, आणि बायका गळायला लागल्या. पाचात एक असलेली बाई १९७०च्या दशकात शंभरात पाचसुद्धा उरली नव्हती. आजी स्वातंत्र्याच्या साली सुटली की पुढच्या, याबद्दल घरात दोन मतं आहेत. तिला कुणी निरोप-बिरोप दिला नाही. एक दिवस मस्टरवर नाव नव्हतं, एवढंच.

मग तिनं खाणावळ घातली. गावाकडून आलेले एकटे बाप्ये एकेका गाळ्यात दहा-पंधरा राहायचे; त्यांना जेवायला घालायचं. १९५५च्या सुमारास आई लग्न होऊन आली ती थेट या खाणावळीत. सासू-सुना पहाटे चारला उठायच्या. परातीत पीठ मळलं जायचं ते मोजून नाही, माणसं आठवून. अमक्याला तीन भाकरी, तमक्याची पोटदुखी म्हणून मऊ भात. आमटीला गोडा मसाला नाही, आमचा घाटी काळा मसाला. रविवारी मटण, मधल्या वारी सुकट नाहीतर बोंबील, आणि श्रावणात हुलग्याचं माडगं. पहिल्या पाळीचे जेवून गेले की दुसरीचे यायचे. दोघींचं जेवण तीन वाजता, उरलंसुरलं कालवण तव्यावर आटवून. पैसे महिन्याच्या महिन्याला, आणि कुणी गावी मनीऑर्डर केली की त्या महिन्याचे पुढच्या महिन्याला. आईची वही मी पाहिलेली आहे. नावांपुढं रेघा, आणि काही नावांपुढं फक्त 'देईल' असं लिहिलेलं.

१९६०च्या दशकात दादा कचेरीत कारकून झाले, पगार ठीकठाक झाला, आणि त्यांनी पहिलं काम काय केलं असेल तर खाणावळ बंद केली. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आईला चुलीपुढून उठवणं हेच त्यांच्या लेखी आयुष्याचं सार्थक. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी भल्या माणसांनी हेच केलं. घर वर आलं याची खूण म्हणजे बाई घरी बसली. अर्थशास्त्रातल्या मोठ्या लोकांनी याचे आलेख काढलेत. गरिबीत बायका कामाला, जरा बरे दिवस आले की घरात, आणि शिक्षण वाढलं, कचेऱ्या वाढल्या की पुन्हा बाहेर. क्लॉडिया गोल्डिन या बाईंना २०२३ साली नोबेल मिळालं ते बायकांच्या कमाईचा असा दोनशे वर्षांचा हिशेब मांडल्याबद्दल. त्यांचा हिशेब अमेरिकेचा. पण वर-खाली जाणारा तो आलेख मी आमच्या चाळीत उंबऱ्यावर बसून पाहिलेला आहे.

शेजारच्या मावशींची खाणावळ मात्र चालूच राहिली. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. खाणावळवाल्या बायकांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून देणं हा त्यातला मोठा भाग. मावशींना त्यातून पैसे मिळाले तेव्हा त्यांनी चाळभर पेढे वाटले. १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार घरी बसले. तेव्हा गिरणगावातल्या अशा किती मावशींनी उधारीवर भात शिजवला त्याची नोंद कुठं सापडायची? सरकारदरबारी त्या गृहिणी.

आता गावाकडं जाऊ. आईचं माहेरही माणदेशातलंच. तिथली माझी मामी म्हणजे कामाचा डोंगर. पहाटे शेण, मग धारा, मग भाकऱ्या. दिवसभर खुरपण, नाहीतर वेचणी, नाहीतर दुसऱ्याच्या रानात रोजानं. येताना डोक्यावर गवताचा भारा. १९७१ साली जनगणना झाली तेव्हा शाळेतले गुरुजी कागद घेऊन दारात आले. मामा कट्ट्यावर बसलेले. गुरुजींनी विचारलं, "मंडळी काय करतात?" मामा म्हणाले, "काय करणार? घरीच असती." ही हकीकत मामीच रंगवून सांगायची. "गुरुजींनी लिवलं. म्या भारा टाकला, घोटभर पाणी प्याले न् म्हशीखाली बसले." यावर ती इतकी हसायची की पदरानं डोळे पुसावे लागत.

मामाच तेवढे दोषी नव्हते. १९६१च्या गणनेत हंगामात रोज तासाहून जास्त काम नेमानं करणारी बाई कामकरी धरली होती. १९७१ला आधी विचारलं, मुख्य काम कोणतं? आता भारतातल्या बाईचं मुख्य काम कोणतं, याला घरातल्या पुरुषाकडून काय उत्तर येणार? कामकरी बायकांचा आकडा सहा कोटींच्या आसपास होता, तो दहा वर्षांत तीन कोटींच्या आसपास आला. तीन कोटी बायका कागदावरून उठून गेल्या. रानातून मात्र कुणी उठलं नव्हतं. फुलरेणू गुहांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं १९७४ साली बायकांच्या स्थितीचा अहवाल दिला, त्यात बायकांचं काम कसं आटत चाललंय आणि मोजणीतून कसं निसटतंय, या दोन्हींची चिंता होती. पुढं १९८१ला 'मुख्य' आणि 'सीमांत' असे दोन कप्पे झाले. १९९१ला शेतातलं किंवा घरच्या धंद्यातलं बिनपगारी कामही धरायचं असं प्रश्नातच कंसात लिहिलं. त्या वर्षी मी मास्तर म्हणून गणनेच्या कामाला होतो. दर दारात तोच खेळ. पुरुष म्हणणार "काही नाही, घरीच," आणि मागं बाई सुपात हरभरे घोळत उभी. मी तो कंसातला मजकूर पुन्हा मोठ्यानं वाचायचो. मग आतून उत्तर यायचं, कधी कधी एकदम तिघींचं.

मामीची गोष्ट राहिलीच. १९७१ला 'घरी' असलेली मामी १९७२ला पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होती. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको: तो लाल मिलो, ती सुकडी, विहिरीच्या तळाशी वाटीनं भरलेली घागर. १९७३च्या मे महिन्यात राज्यातली पन्नास लाखांच्या घरात माणसं दुष्काळी कामांवर होती, आणि त्यात बायका पुरुषांच्या बरोबरीनं. मुकादम हजेरी घ्यायचा तेव्हा मामीचं नाव पुकारायचा. अमक्याची बायको असं नाही; नाव. आणि जेवढं ब्रास फोडलं तेवढ्याचा दर बाईला न् बाप्याला एकच. तासगाव भागात १९६५ साली वि. स. पागे यांनी करून पाहिलेली, मागेल त्याला काम द्यायची कल्पना पुढं रोजगार हमीचा कायदा झाली. तो १९७७ला मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. २००५च्या देशभरच्या कायद्याचं मूळ हेच. तिथंही बहुतेक वर्षं निम्म्याहून जास्त काम बायकांनीच केलं. मामीला दुष्काळ आठवला की वासरू मेल्याचं दुःख आठवायचं, आणि लगेच "पर मस्टरवर अंगठा माजा हुता" हेही आठवायचं. दुष्काळाची अशी आठवण सांगणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

आत्याचा मार्ग वेगळा. मॅट्रिक झाली, इंग्रजी बरं होतं, कानाला हेडफोन लावून ट्रंक कॉल जोडायला बसली. तिची सासू सुरुवातीला कुरकुरली. मग पहिल्या तारखेची वाट पाहायला लागली. आत्या आली की तिच्या पर्समधून आमच्यासाठी लिमलेटच्या गोळ्या निघत, आणि आजीच्या हातावर ती गुपचूप एक नोट ठेवायची. आजी ती घ्यायची, दादांना सांगायची नाही. १९९२च्या मे महिन्यात चर्चगेट-बोरिवली अशी खास बायकांची लोकल सुरू झाली, तेव्हा आत्या निवृत्तीला आली होती. तरी ती मुद्दाम त्या गाडीनं गेली. डब्यात बायका मटार सोलत बसलेल्या. घरच्या कामाचा एक हप्ता गाडीतच उरकायचा. आत्या म्हणाली, "गाडी आमची झाली, पण मटार आमचेच राहिले की रे."

हे मटार अजून संपलेले नाहीत. २०१९ साली देशात कोण कशात किती वेळ घालवतं याची पाहणी झाली. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटं. आणि जे पुरुष घरकामाला हात लावतात, म्हणजे आपल्यातले त्यातल्या त्यात बरे, त्यांचा ९७.

माझी सून पुण्याला संगणकाच्या कंपनीत होती. बाळ झालं, पाळणाघराचं जमेना, तिनं नोकरी सोडली. काही वर्षांनी घरूनच पुन्हा लागली. देशाचा आकडाही असाच हेलकावतोय. पंधरा वर्षांवरच्या बायकांत काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या २००४-०५ला शंभरात बेचाळीसच्या आसपास होत्या, २०१७-१८ला तेवीस झाल्या, २०२३-२४ला पुन्हा बेचाळीसच्या जवळ. मधल्या घसरणीत मुली जास्त शिकायला लागल्या हा चांगला भाग आहे. शेतात यंत्रं आली, रोजंदारी आटली, हा वाईट. आणि आताची चढण पाहून टाळ्या वाजवण्याआधी थोडं थांबावं, कारण कामकरी बायकांपैकी एक तृतीयांशाहून जास्त घरच्या शेतात-धंद्यात बिनपगारी राबणाऱ्या आहेत. मामी एकदाची यादीत आली, याचा आनंद आहेच. पण हातात पगार पडला का, हा आजीचा प्रश्न तसाच शिल्लक राहतो. बीडकडची ऊसतोड बघा. तिथं नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल दोघांच्या मेहनतीवर, आणि पैसे मुकादमाकडून येतात ते नवऱ्याच्या हातात. ऊस तोडायला, मोळ्या बांधायला, पहाटेच्या थंडीत त्या डोक्यावरून गाडीत चढवायला ती बरोबरीनं, आणि हिशेबात अर्धा कोयता.

म्हणून मला वाटतं, आकडा वर गेला की खाली गेला, याच्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: यादीत नाव कुणी सांगितलं, आणि पैसे कुणी मोजून घेतले. आजी, आई, मामी, आत्या, सगळ्या जन्मभर राबल्याच. त्या कधी यादीत होत्या, कधी नव्हत्या, ते कधी कायद्यामुळं, कधी प्रश्नाच्या मांडणीमुळं, आणि कधी आमच्या दादांसारख्या प्रेमळ माणसांच्या अभिमानामुळं.

आता २०२७ला पुन्हा शिरगणती आहे. आमच्या दारात कुणी आलं तर पुढं सूनबाई बसेल, आणि काय सांगायचं ते तिचं ती सांगेल. चहाचं मी बघतो.